सेव्हिलच्या मिरवणुकीत मला लक्ष्मी रोड दिसला

आम्ही माद्रिदला राहतो, लेकीच्या शाळेला ईस्टरच्या आधी आठवडाभर सुट्टी असते आणि दर वर्षी वसंतात आम्ही तिघं कुठेतरी खाली दक्षिणेला जातो. या वेळी कॉर्दोबाला एक दिवस थांबलो, तिथल्या मशिदीच्या अंगणातली संत्र्याची झाडं बघितली, आणि तिथून सेव्हिलला. अख्ख्या शहराला संत्र्याच्या फुलांचा वास येत होता, अगदी बसस्टॉपवर उभं राहिलं तरी.

पण लिहायचंय ते मिरवणुकीबद्दल. सेमाना सांता म्हणजे त्यांचा पवित्र आठवडा, पाम संडेपासून ईस्टरपर्यंत. साधारण साठ मंडळं (ते हेर्मानदाद म्हणतात, पण मी मंडळच म्हणणार, कारण गल्लीतलं ऑफिस, वर्गणी, पिढ्यानपिढ्यांचे कार्यकर्ते सगळं तेच) आपापल्या चर्चमधून येशूच्या आणि मेरीच्या मूर्ती घेऊन निघतात, मोठ्या कथीड्रलपर्यंत जातात आणि परत येतात. मूर्तीचा लाकडी चौथरा तीस-चाळीस माणसं मानेवर उचलतात, ती आत पडद्याखाली असतात, आपल्याला फक्त त्यांचे पाय दिसतात. पुढे एक प्रमुख असतो, तो चौथऱ्यावर धातूचा ठोका मारतो आणि अख्खा चौथरा एका झटक्यात वर जातो. तो ठोका ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण कॉलेजची पाच वर्षं मी पथकात ढोल वाजवलाय आणि ताशाची तर्री सुरू झाल्यावर पहिला ठोका पडायच्या आधी जो श्वास रोखला जातो ना, तो सेम तोच होता.

गुरुवारच्या रात्री आम्ही झोपलोच नाही. ती रात्र सगळ्यात मोठी, सहा मंडळं निघतात. एल सिलेन्सिओ नावाचं जे आहे ते नावाप्रमाणेच, एवढ्या गर्दीत मेणबत्त्यांचा वास आणि पायांचा आवाज, बाकी काही नाही, कुणी कुजबुजलं तरी शेजारचा शूऽऽ करतो. आणि त्याच रात्री माकारेना मंडळाची मेरी येते तेव्हा बिगुल, ड्रम, बाल्कनीतून फुलांच्या पाकळ्या आणि लोक ओरडतायत ग्वापा, ग्वापा, म्हणजे सुंदर गं तू! अगदी मोरयाच. लेकीने दुसऱ्या मुलांचं बघून मेणाचा गोळा करायला घेतला होता, टोकदार टोप्या घातलेले नाझारेनो, म्हणजे मंडळाचेच लोक, मोठ्या मेणबत्त्या घेऊन चालतात, मुलं हात पुढे करतात आणि ते गोळ्यावर वितळलेलं मेण टपकवतात, मुलांचा हा गोळा वर्षानुवर्षं वाढत जातो.

आता मुद्द्यावर येते. दर भाद्रपदात आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच भांडण असतं. पुण्याची विसर्जन मिरवणूक तीस तासांच्या घरात कशी जाते, डीजे, लेझर, पथकांची संख्या. एक बाजू म्हणते बंद करा सगळं, दुसरी म्हणते आमच्याच सणाला नियम का. २०२४ मध्ये हरित लवादाने एका पथकात तीसच वादक असं सांगितलं, मग सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, मग त्यावर दोन्हीकडून शंभर मेसेज. आता राज्य सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सव केलंय तर त्यावरही. आणि यात कुणीतरी मला टॅग करून हमखास लिहितं की तुमच्या युरोपात बघा कशी शिस्त असते.

हे वाक्य मला खरंच सहन होत नाही. शिस्त वगैरे काही रक्तात नसते. सेव्हिलमध्ये सन २००० च्या त्याच गुरुवारच्या रात्री अफवेने पळापळ झाली होती, २०१७ लाही परत झाली. मुख्य मार्गावरच्या खुर्च्यांना पैसे पडतात आणि साध्या माणसाला त्या मिळत नाहीत, हेही तिथलं जुनं दुखणं आहे. भांडणं तर इतकी की पुढे कोण यावरून माकारेना आणि ग्रान पोदेर या दोन मंडळांना १९०३ मध्ये लेखी करार करावा लागला. मानाच्या गणपतींचा क्रम ज्याला माहितीये त्याला हे वेगळं समजवायला नको.

फरक मला एकाच गोष्टीत दिसला. आम्ही ज्या बारमध्ये तोर्रिखास खाल्ल्या (पावाचे गोड तुकडे, आमच्या लेकीला शिऱ्यापेक्षा आवडले) तिथे काउंटरवर एक छोटी पुस्तिका फुकट ठेवली होती. त्यात प्रत्येक मंडळाचं पुढचं टोक आपल्या चर्चमधून किती वाजता निघणार, काम्पाना चौकात (मुख्य मार्ग इथूनच सुरू होतो) किती वाजता, कथीड्रलला किती वाजता, परत आत किती वाजता, सगळं मिनिटांत. आणि ही वेळ पोलीस ठरवत नाहीत, सगळ्या मंडळांची मिळून एक संस्था आहे, मंडळं एकत्र बसून आपापली वेळ नक्की करतात. काम्पानाला आल्यावर थांबून पुढे जायची परवानगी मागायची, मग निघायचं. म्हणजे वेळ पाळणं हा तिथे भक्तीचाच भाग आहे, बाहेरून लादलेलं काही नाही.

आणि हे पुण्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. २०२३ मध्ये दगडूशेठने स्वतःहून ठरवलं ना, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत न थांबता दुपारी चार वाजता निघायचं? कुठल्या कोर्टाने सांगितलं नव्हतं. गर्दी कमी झाली का, भक्ती कमी झाली का? मग प्रत्येक चौकाला वेळ ठरवून ती सगळ्या मंडळांनी महिनाभर आधी छापून वाटली तर काय बिघडेल. माझी आजी नारायण पेठेत राहायची, शेवटची काही वर्षं विसर्जनाच्या रात्री ती कानात कापूस घालून मागच्या खोलीत बसायची, खिडक्या हादरायच्या, आणि तरी गणपती आला की दारात येऊन हात जोडायची. तिला रात्रभर जागं राहावं लागलं याचं वाईट तिला नव्हतं वाटत, गणपती नक्की कधी येणार हे माहीत नसायचं याचं वाटायचं. मला ढोल हवाच आहे, तो बंद करा म्हणणाऱ्यांबरोबर मी कधीच नसेन, पण आजीही हवी होती त्या मिरवणुकीत.

रविवारी घरी आल्यावर बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते अजून मंडळाच्या मीटिंगला जातात. पुस्तिका कॅमेऱ्यासमोर धरून पान पान दाखवलं. बाबा बराच वेळ गप्प, मग म्हणाले, आणि उशीर झाला तर?

म्हटलं, मागचे थांबतात. आणि कुणाला किती मिनिटं उशीर झाला ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतं.

"नावासकट?"

"हो, नावासकट."

बाबा म्हणाले, भाद्रपदात येशील तेव्हा ती पुस्तिका घेऊन ये, मीटिंग तुझ्या येण्यानंतर ठेवायला सांगतो.