‘इन्सिडेन्टली’ आलं की कान टवकारा

इंग्रजी मेलमध्ये ‘इन्सिडेन्टली’ दिसलं की मी वरचा मजकूर सोडून आधी तिथूनच वाचतो. वर आभार, अभिनंदन, शुभेच्छा वगैरे यथासांग असतं आणि मग हळूच येतं, ‘इन्सिडेन्टली, या खर्चाला मंजुरी कुणी दिली होती?’ म्हणे सहज विचारलं! अहो, एवढ्यासाठीच तर मेलचा सगळा खटाटोप.

शब्दाचं कूळ लॅटिन. ‘काडेरे’ म्हणजे पडणे. त्याला ‘इन’ लागून झालं ‘इन्सिडेरे’, म्हणजे येऊन पडणे, घडणे. अ‍ॅक्सिडेन्ट, कोइन्सिडन्स, इतकंच काय ‘चान्स’सुद्धा त्याच घराण्यातले. त्यामुळे लोक सर्रास गल्लत करतात. अ‍ॅक्सिडेन्टली म्हणजे चुकून, कोइन्सिडेन्टली म्हणजे योगायोगाने आणि इन्सिडेन्टली म्हणजे मुख्य कामाच्या ओघात, जोडीला. (स्पेलिंगमधलं ‘ए-एल’ गाळू नका. बोलताना ते जेमतेम ऐकू येतं, म्हणून लिहितानाही हमखास गळतं.)

सतराव्या शतकापासून हा शब्द क्रियापदाशेजारी गुमान बसून ‘ओघाने’ एवढंच सांगत होता. वाक्याच्या तोंडाशी बसायचं, पुढे स्वल्पविराम द्यायचा आणि ‘बरं का, जाता जाता’ म्हणत विषय बदलायचा, हे विसाव्या शतकात बोकाळलं. फाउलर या इंग्रज कोशकाराने 1926 च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात त्याची खिल्लीच उडवली आहे. विषय सोडून भरकटल्याबद्दल लेखकाने मागितलेली ही माफी, आणि ती ज्यांना वारंवार मागावी लागते ते काही फार चांगले लेखक नसतात, असा त्याचा रोख. मला हे अर्धंच पटतं. भरकटणारे परवडले हो! नेमका मुद्दा ‘किरकोळ’ची चिठ्ठी चिकटवून पुढे सरकवणारे जास्त बेरकी.

जुना, साधा अर्थ आजही जिवंत आहे तो वैद्यकीय रिपोर्टमध्ये. तपासणी पोटदुखीसाठी, आणि खाली एक ओळ: ‘इन्सिडेन्टली नोटेड’, मूत्रपिंडावर अमुक आकाराची गाठ. ते वाचून काही जण निर्धास्त होतात, ‘इन्सिडेन्टलीच आहे ना, मग काही नाही.’ तो शब्द एवढंच सांगतो की शोधत होतो दुसरंच, त्यात हे दिसलं. गाठ साधी की गंभीर, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. असल्या अवचित सापडणाऱ्या गाठींना डॉक्टरांनी ‘इन्सिडेन्टलोमा’ असं नावच पाडलंय, विशेषतः मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या अ‍ॅड्रीनल ग्रंथीवरच्या. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी निघतात. तरीही रक्त-लघवी तपासून घेतात, कारण काही गाठी गुपचूप हार्मोन तयार करत बसलेल्या असतात.