शून्याला दोननं गुणलं तरी शून्यच

कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लावलेला असतो, ‘शिक्षण कधीही थांबवा, कधीही परत या’. त्याच गेटातून चाळिशीतला माणूस आत जातो आणि खिडकीवर विचारतो की बारा वर्षांच्या कामाचं काही क्रेडिट, म्हणजे पदवीत धरलं जाणारं अभ्यासाचं माप, मिळेल का. खिडकीतून उत्तर येतं, “तसं परिपत्रक आलेलं नाही.” अहो, विद्यार्थ्याचे क्रेडिट ऑनलाइन साठवणाऱ्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम जुलै २०२१ मध्ये निघाले. शिक्षण, कौशल्य आणि अनुभव एकाच क्रेडिटच्या मापात मोजणारं नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क २०२३ मध्ये आलं. आता ते परिपत्रक काय वरातीतून यायचंय?

आधी त्या ‘बँक’ शब्दाबद्दल बोलू. जगातल्या कुठल्याही बँकेत खातेदार स्वतः भरणा करतो. या बँकेत नाही. डिजिलॉकरमधून खातं दहा मिनिटांत उघडतं, बारा आकडी आयडी मिळतो, स्क्रीनवर शिल्लक दिसते: शून्य. क्रेडिट जमा करायचा अधिकार फक्त संस्थेला. संस्थेनं निकाल अपलोड केला तर ते दिसणार, नाही केला तर तुम्ही मार्कशीट फ्रेम करून भिंतीला लावा. आणि जमा झालेल्या क्रेडिटलाही जास्तीत जास्त सात वर्षांची मुदत. नोकरी, घर, आजारपणं सांभाळून वर्षाला दोन-तीन विषय काढणाऱ्या माणसासाठीच ही सोय आहे म्हणतात, आणि नेमकं त्याच्याच डोक्यावर हे घड्याळ टांगलेलं.

वर परत २०२१-२२ च्या आधीचं काहीच जमा होत नाही. म्हणजे १९९८ मध्ये दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सुटलेल्या बाईनं पास केलेले विषय या बँकेच्या लेखी झालेच नाहीत. ‘कधीही परत या’ म्हणे!

नावाचा घोळ वेगळाच. आधारवर ‘सुनिता’, दहावीच्या मार्कशीटवर ‘सुनीता’, लग्नानंतर आडनाव तिसरंच. रेकॉर्ड जुळत नाही. परीक्षा विभाग म्हणतो डिजिलॉकरला विचारा, तिथले म्हणतात तुमच्या संस्थेला विचारा. प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधीच आधारवरचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या मार्कशीटशी वेलांटीसकट जुळवून घ्या. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत हाताशी ठेवा. नंतर निस्तरायला गेलात तर सेमिस्टर संपतं, घोळ संपत नाही.

आता मूळ दुखणं. ‘अनुभवालाही क्रेडिट’ हे वाक्य भाषणात फार गोड वाटतं. फ्रेमवर्कमधली व्यवस्था अशी आहे की मिळवलेल्या क्रेडिटला कामाच्या अनुभवाप्रमाणे गुणक लागतो. एक वर्षापर्यंत १, चार वर्षांपर्यंत १.३३, सात वर्षांपर्यंत १.६७ आणि त्यापुढे २. वाचून माणूस खूश होतो, पंधरा वर्षं झाली, आपले डबल! पण गुणायचं कशाला? आधी रीतसर मूल्यमापन झालेलं, क्रेडिट असलेलं काहीतरी खात्यात हवं. ज्याच्याकडे कागदच नाही, त्याचा हिशोब शून्य गुणिले दोन. ज्याच्यासाठी ही योजना म्हणून ढोल वाजवले, तोच बाहेर.

यावर तोडगा म्हणजे आरपीएल, आधीच्या शिक्षणाला मान्यता. कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून हे चालू आहे. थोडं ओरिएंटेशन, मग मूल्यमापन, मग प्रमाणपत्र. प्रमाणपत्र छान, रंगीत. ते घेऊन कॉलेजात गेलात की पातळी काढतात, म्हणजे फ्रेमवर्कच्या शिडीवर ते कितव्या पायरीचं आहे ते. बहुतेक कामांची प्रमाणपत्रं तिसऱ्या-चौथ्या पातळीची आणि पदवीचं पहिलं वर्ष साडेचारचं. झालं, “लेव्हल मॅच होत नाही.” म्हणून आरपीएलला बसायच्या आधी त्या जॉब रोलची पातळी आणि क्रेडिट किती, हे छापील कागदावर बघा. शिबिरवाल्यांच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, त्यांना फक्त संख्या भरायची असते.

अकाउंट्सचं उदाहरण घ्या. एखादी बाई दहा वर्षं कंपनीची पुस्तकं सांभाळते. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत भरते, बँक रिकन्सिलिएशन करते (म्हणजे बँकेचा हिशोब आणि आपल्या वह्या जुळवते), ट्रायल बॅलन्स जुळेपर्यंत जागची उठत नाही. ‘वित्तीय लेखांकन’ हा विषय चार क्रेडिटचा धरा. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. एवढे तास ती ऑफिसात पंधरा दिवसांत भरते. तरी तिनं वर्गात बसायचं, ७५ टक्के हजेरी भरायची आणि पेपरात ‘लेखांकनाची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ लिहायचं. शिकवणाऱ्यानं शेवटचं व्हाउचर कधी पास केलं होतं, ते विचारायचं नाही.

आणि हो, कॉलेजवाल्यांचा एक मुद्दा बरोबर आहे, तो मान्य करू. नुसत्या वर्षांना क्रेडिट नसतं, शिकलेल्याला असतं. पण मग शिकलेलं तपासा की! तेही करायचं नाही. अर्जाला काय जोडायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून लोक एचआरचं पत्र जोडतात: ‘अमुक ते अमुक तारखेपर्यंत कार्यरत होते, वर्तणूक समाधानकारक.’ समाधानकारक वर्तणुकीचे किती क्रेडिट होतात? शून्य. हे पत्र कचरा आहे.

त्याऐवजी विषयाचा सिलॅबस घ्या. त्याच्या सुरुवातीला पाच-सहा कोर्स आउटकम्स असतात, म्हणजे विषय शिकल्यावर काय काय यायला हवं ते. एकेका आउटकमसमोर लिहा: हे मी कुठल्या कामात केलं, किती काळ, पुरावा कुठला. पुरावा म्हणजे तुम्ही स्वतः तयार केलेली वस्तू. गोपनीय आकडे खोडलेलं रिकन्सिलिएशन स्टेटमेंट, ऑडिटरच्या शंकांना दिलेली उत्तरं. वरिष्ठांचं पत्र हवंच, पण त्यात ‘काय करत होते’ आणि ‘कुणाच्या देखरेखीशिवाय करत होते’ हे क्रियापदांसकट हवं. जे आउटकम जमत नाही ते सरळ ‘नाही’ लिहा. सहापैकी सहा भरले की तपासणाऱ्याला वास येतो. आणि शेवटी मागणी करा की लेखी किंवा तोंडी परीक्षा घ्या. परीक्षा मागणाऱ्याला ‘फुकटात मागतोय’ म्हणता येत नाही.

स्वयमचा, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलचा मार्ग तुलनेनं सरळ, तरी तिथेही पाय घसरतातच. यूजीसीच्या स्वयमसाठीच्या २०२१ च्या नियमांनी एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करायला परवानगी दिली. पण लोक आधी कोर्स करतात आणि नंतर कॉलेजला विचारतात. उलटं करा. तो कोर्स कॉलेजनं अभ्यास मंडळात आधी मंजूर केलेला असावा लागतो, नाहीतर सर्टिफिकेट नुसतं व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवायच्या कामाचं. दुसरं, एनपीटीईएलचा (स्वयमवरच्या आयआयटीवाल्यांच्या उपक्रमाचा) बारा आठवड्यांचा कोर्स तीन क्रेडिटचा, आणि आपल्याकडचे विषय बहुधा दोनचे किंवा चारचे. चारच्या खड्ड्यात तीन टाकले की एक क्रेडिट उघडं पडतं आणि त्या एकासाठी अख्खा विषय परत. हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही, देव जाणे. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट धरलेत, यूजीसीच्या आराखड्यात किमान १२०. म्हणजे बाहेरच्या राज्यातून येणारा इथेही बारानं मागेच. वर निम्मे क्रेडिट तरी पदवी देणाऱ्या संस्थेतूनच हवेत, तेव्हा ‘सगळं ट्रान्सफर होईल’ सांगणाऱ्या एजंटाला तिथूनच हात जोडा.

खिडकीवर तोंडी विचारणं आता बंद करा. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. अर्जात तीनच प्रश्न: संस्था आरपीएल अर्ज स्वीकारते का, क्रेडिट बँकेचा नोडल अधिकारी कोण, आणि या विषयाला समकक्ष म्हणून काय मंजूर आहे. सरकारी किंवा अनुदानित संस्था उत्तर देत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि अभ्यास मंडळाच्या त्या ठरावाची प्रत मागा. तीस दिवसांची मुदत असते. ठराव झालेलाच नसेल तर तेही लेखी येतं, आणि मग ‘परिपत्रक आलेलं नाही’ हे खिडकीतल्या माणसाला नाही, प्राचार्यांना सही करून सांगावं लागतं.