‘घरात मुलगा-सून असताना परका कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

इंग्लंडमधल्या शेजारशेजारच्या कौन्सिलांनी, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांनी, मिळून एकच स्वतंत्र ॲडव्होकसी सेवा (आपलं म्हणणं मांडणं ज्यांना अवघड जातं त्यांच्या वतीनं बोलणाऱ्यांची सेवा) नेमावी, या माझ्या लेखावर तुम्ही पुण्याहून भली मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. तिची सुरुवात ‘अहो बाई’नं आणि शेवट ‘परदेशात राहून संस्कृती विसरलेल्यांनी आम्हाला शिकवू नये’ यानं. मी कुणालाही शिकवायला बसले नव्हते. लेख इथल्या कायद्याबद्दल आणि इथल्या म्हाताऱ्या, आजारी, परावलंबी माणसांबद्दल होता. ब्लॉगवर वाद घालणारे पुष्कळ येतात, त्यांचं स्वागतच असतं. पण माझ्या घरात शिरून माझे संस्कार तपासायचा अधिकार मी कुणाला दिलेला नाही.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. मानसिक आरोग्य कायद्याखालचे ॲडव्होकेट २००७ पासून मिळतात, असं मी लिहिलं होतं. कायद्यातली दुरुस्ती २००७ची, पण इंग्लंडमध्ये सेवा सुरू झाली एप्रिल २००९मध्ये. चूक माझी आहे. लेखात बदल केला आहे.

आता तुमचं ते वाक्य. ‘घरात मुलगा-सून असताना म्हाताऱ्याच्या वतीनं बोलायला भाड्याचा वकील आणतात, ही कसली माणसं?’

मुळात तो वकील नसतो, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात होतं. आपल्याकडे ॲडव्होकेट म्हटलं की काळा कोट डोळ्यांपुढे येतो. इथे या कामातला ॲडव्होकेट म्हणजे त्या माणसाचा कैवारी: त्याला काय हवं आहे ते समजून घेऊन कौन्सिलपुढे मांडणारा. प्रौढांच्या काळजीबद्दलचा २०१४चा केअर ॲक्ट १ एप्रिल २०१५ला लागू झाला आणि कौन्सिलवर हे बंधन आलं. माहिती समजणं, ती लक्षात राहणं, तिचा विचार करून ठरवणं किंवा आपलं म्हणणं सांगणं, यांपैकी कशातही माणसाला फार अडचण असेल आणि त्याच्या बाजूनं उभं राहणारं योग्य माणूस नसेल, तर त्याला स्वतंत्र ॲडव्होकेट द्यावाच लागतो. कौन्सिलचा नोकर तिथे चालत नाही. म्हणजे कायदा आधी घरच्यांकडेच बघतो. फक्त एक अट आहे. ज्याला स्वतःचं मत देता येतं त्यानं ‘हा माणूस माझ्या वतीनं चालेल’ असं म्हणायला हवं. त्यानं नको म्हटलं तर सख्खा मुलगाही बाजूला होतो.

माझ्या सासऱ्यांनी नको म्हटलं. हे मी कधीच लिहिणार नव्हते. तुम्ही भाग पाडलंत.

ते चाळीस वर्षं इथल्या कारखान्यात राबले. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर इंग्रजी जवळजवळ गेलंच, मराठी अडखळत उरलं. आठ महिने रोज सकाळी मी त्यांना अंघोळ घातली. प्रेमानं घातली. सोशल वर्कर यायची तेव्हा दुभाषी म्हणूनही मीच बसायचे. ‘सगळं ठीक आहे’ हे त्यांचं उत्तर मीच तिला इंग्रजीत सांगायचे. मग एकदा तिनं बाहेरचा दुभाषी आणला आणि विचारलं, तुमच्या वतीनं मुलगा-सून बोलले तर चालेल ना? त्यांनी मान हलवली. नको. माझा नवरा उठून बाहेर गेला. मला इतका राग आला होता की त्या रात्री मी जेवले नाही.

ॲडव्होकेट म्हणून आल्या त्या एक इंग्रज बाई, बरोबर मराठी दुभाषी. पहिल्या भेटीत सासरे बोललेच नाहीत. तिसऱ्या भेटीत म्हणाले, ‘सुनेनं अंघोळ घालायची, हे मला सोसत नाही. जीव जातो माझा.’ मला हे कसे सांगणार होते ते? दुभाषीही मीच होते ना! पंधरा दिवसांत सकाळच्या कामाला पुरुष मदतनीस यायला लागला आणि ते पुन्हा माझ्याशी बोलायला लागले. आता मला सांगा, यात मी कुठली संस्कृती विसरले? सुनेपुढे उघडं बसायची लाज त्यांना वाटली, ती संस्कृती कुणाची होती? तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तुम्ही हे कधी विचारलं आहेत का? माझी भाषा कडक झाली आहे याची मला कल्पना आहे.

आणि हे परदेशी खूळ म्हणायचं असेल तर भारताचाच २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा काढून बघा, कलम १४. माणसाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो, आणि तो नात्यातलाच हवा असं तिथेही लिहिलेलं नाही.

कौन्सिलांनी एकत्र यावं हे मी का म्हणते, तेही याच गोष्टीत आहे. पुढे सासरे महिनाभर एका केअर होममध्ये होते. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, पण शेजारच्या कौन्सिलच्या हद्दीत. त्यांच्या दंडावर काळानिळा डाग दिसला. सेफगार्डिंगची, म्हणजे माणसाला इजा किंवा छळ होतोय का याची, चौकशी माणूस ज्या हद्दीत आहे तिथली कौन्सिल करते. त्यांच्या काळजीच्या आराखड्याचा आढावा मात्र आमच्याच कौन्सिलकडे राहिला. दोन कौन्सिलांची दोन कंत्राटं, म्हणून ॲडव्होकेटही दोन. ज्या बाईंपुढे ते तिसऱ्या भेटीत बोलले होते, त्यांचं कंत्राट हद्दीवर संपत होतं. नवा माणूस आला, चांगला होता बिचारा, पण सासऱ्यांनी त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. डाग कशाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

लंडनच्या पश्चिमेच्या बर्कशायर परगण्याचंच बघा. तिथली काउंटी कौन्सिल १९९८मध्ये बरखास्त झाली आणि कारभार सहा कौन्सिलांकडे गेला. स्लाऊ, रेडिंग, वोकिंगहॅम यांच्या हद्दी नकाशावर ठळक आहेत, पण केअर होममधल्या माणसाला त्यांचं काय? अशा कौन्सिलांनी मिळून एकच सेवा नेमली तर माणूस हद्द ओलांडून गेला तरी त्याचा ॲडव्होकेट तोच राहू शकतो. शिवाय ज्या कौन्सिलविरुद्ध बोलायचं तीच पगाराचे पैसे देते, हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग आहे. पैसे अनेकांचे असले तर एकट्या कौन्सिलला नावडत्या संस्थेचा गळा आवळणं अवघड जातं, असं मला ठामपणे वाटतं.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. लंडनच्या तीन बरोंनी (शहरातल्या स्वतंत्र कौन्सिलांनी) सेवा एकत्र चालवायला २०११मध्ये केलेली भागीदारी मोडली, हे तुमचं म्हणणं खरं. २०१७मध्ये वेस्टमिन्स्टर आणि केन्सिंग्टन-चेल्सीनं तिसऱ्याला, म्हणजे हॅमरस्मिथ-फुलमला नोटीस दिली. पण त्या दोघांनी आपसात ती पुढे चालू ठेवली, हे तुम्ही गाळलंत. मोठ्या कंत्राटात छोट्या स्थानिक संस्था चिरडल्या जातात, ही तक्रार मी पूर्वीही ऐकली आहे. ती कंत्राट कसं लिहिलं आहे याबद्दलची आहे, एकत्र येण्याबद्दलची नाही. आणि ‘हे सगळं पैसे वाचवायला’ याला मी काय उत्तर देणार? वाचले तर वाचले.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर हद्दींबद्दल लिहा, कंत्राटांबद्दल लिहा, मी वाचेन. माझ्या सासऱ्यांबद्दल मात्र आता काही लिहू नका. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.