पर्यावरण नंतर, आधी झोप

मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीत पॅडऐवजी योनीत बसवायचा, रक्त साठवणारा आणि धुऊन पुन्हा वापरायचा छोटा मऊ कप. त्याबद्दल कुणी बोलायला लागलं की सुरुवात हमखास कचऱ्यापासून होते. पॅडमध्ये प्लास्टिक असतं, ते कुजत नाही, पृथ्वी वाचवा. सगळं खरं आहे. पण पाळीच्या दुसऱ्या दिवशी कंबर धरून ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला पृथ्वीची जबाबदारी काय सांगायची? तिला आधी हे सांगा, की रात्री कूस बदलताना दचकून जाग येणार नाही.

मी गेली काही वर्षं कप वापरते आहे. पावसाळ्यात ओलसर पॅडने मांड्या सोलवटून निघायच्या, ते बंद झालं. "मागे बघ गं जरा, डाग नाही ना?" हे वाक्य शाळेपासून लग्नकार्यापर्यंत आपण किती जणींना विचारलंय! ती धास्ती डोक्यातून गेली की किती जागा मोकळी होते, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. एसटीचा रात्रीचा प्रवास घ्या. स्टँडवरच्या स्वच्छतागृहात नळाला पाणी नसतं, टाकायला डबा नसतो, मग वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून पर्समध्येच. कप जास्तीत जास्त बारा तास ठेवता येतो, अंगावरून फार जात असेल तर आधी रिकामा करायचा. घरून निघताना घातला की बहुतेक वेळा मुक्कामी पोचूनच बघायचं.

सवय व्हायला दोन-तीन पाळ्या जातात, हे आधीच सांगते. उकिडवं बसून, घडी करून आत सरकवायचा आणि कडेने बोट फिरवून तो पूर्ण उघडलाय ना ते बघायचं. काढताना नुसती कपाच्या टोकाची शेपटी ओढायची नाही. बूड चिमटीत दाबलं की आतली पकड सुटते, मग अलगद येतो. पाळी संपली की उकळून ठेवायचा. माझ्याकडे त्यासाठी दांडीचं छोटं स्टीलचं भांडं आहे, दांडीला लाल दोरा बांधलेला, म्हणजे चुकून कुणी त्यात चहा टाकू नये. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं होतं. आता घासलेल्या भांड्यांतून तेवढं बाजूला काढून त्याच आठवणीने खालच्या फळीवर ठेवतात.

हे माझ्या एकटीचं कौतुक नाही. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये 2019 साली 43 अभ्यासांचा, म्हणजे तीन हजारांहून जास्त बायका-मुलींचा आढावा आला. गळती पॅडइतकीच किंवा त्याहून कमी, आणि सवय झाल्यावर दहातल्या सात जणींना कपच पुढे चालू ठेवायचा होता. केरळातल्या कुंबलंगी पंचायतीत हजारो बायकांना कप वाटले, आणि 2022 मध्ये ते गाव सॅनिटरी पॅडमुक्त जाहीर झालं.

आणि पर्यावरण म्हणजे फक्त समुद्रातलं कासव नव्हे. पुण्यात आपल्या दारातला कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई नेतात आणि हाताने निवडतात. न गुंडाळता टाकलेलं पॅड त्यांच्या बोटांना लागतं. 2013 मध्ये पुण्याच्या कचरावेचक बायकांनी वापरलेली पॅड थेट कंपन्यांना परत पाठवली होती, इतका संताप होता. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे आत काय आहे ते कळेल, अशी मोहीम त्यांनाच चालवावी लागली. 2016 च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी पॅडसोबत गुंडाळायला पाकीट द्यावं असं लिहिलं होतं. तुमच्या पुड्यात मिळतं का, बघा.

म्हणूनच कप न वापरणारीला कुणी कमीपणा दाखवू नये, असं मला फार वाटतं. प्लास्टिक बनवायचं कंपन्यांनी आणि अपराधी वाटून घ्यायचं बाईने, हा कुठला न्याय? ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या कोपीला, म्हणजे शेतातल्या तात्पुरत्या झोपडीला, आडोसा नसतो, हात धुवायला पाणी नसतं. पाळीत मजुरी बुडते म्हणून बीडच्या ऊसतोड बायकांनी गर्भाशयं काढून टाकल्याच्या बातम्या आल्या आणि 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिथे आधी पाणी, संडास आणि पाळीच्या दिवसांची भरपगारी सुटी हवी, कपाची गोष्ट त्यानंतर.

पण ज्यांच्या घरी नळ आहे, दाराला कडी आहे, त्यांनी एकदा बघावंच. तीनचारशे रुपयांत चांगला कप मिळतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षंही टिकतो. मेडिकल ग्रेड सिलिकॉनचाच घ्या. बाळंतपण झालेल्यांना सहसा मोठा आकार लागतो. तांबी बसवली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण काढताना ती ओढली जाऊ शकते. कप आत असताना अचानक जोराचा ताप, उलट्या किंवा अंगावर पुरळ आलं तर लगेच काढा आणि डॉक्टरकडे जा. असं फार क्वचित होतं, पण माहीत असलेलं बरं. लग्न न झालेल्या मुलींच्या आयांनो, कौमार्याचा आणि याचा काही संबंध नाही, लेकीला हवा असेल तर द्या.

आकार, घडी, उकळणं, काहीही विचारायचं असेल तर खाली विचारा. इथे संकोच वाटला तर इनबॉक्समध्ये लिहा, रात्री मुलं झोपल्यावर सगळ्यांना उत्तर देते.