आधी मांडी, मग ब्रह्मांड

'डोळे मिटा आणि शांत बसा' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला गुडघे नसावेत, असं माझं ठाम मत आहे. डोळे मिटणं कुणालाही जमतं. शांततेचं पुढचं पुढे बघता येतं. घोडं पेंड खातं ते 'बसा'पाशी.

योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी योगाची आठ अंगं सांगितली, त्यात ध्यानाचा नंबर सातवा. आधी यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार आणि धारणा अशा सहा पायऱ्या आहेत. आपण मात्र जिना टाळून थेट सातव्या मजल्यावरची बेल वाजवतो आणि दार उघडत नाही म्हणून तक्रार करतो. बरं, पतंजलींनी आसनावर फार शाई खर्च केलेली नाही. सगळी मिळून 195 सूत्रं (काही प्रतींत 196), त्यातली आसनाच्या वाट्याला आली तीन. पहिलं म्हणतं, 'स्थिरसुखमासनम्'. स्थिर असावं आणि सुखाचं असावं. ऐकायला किती सोपं! पण या दोन विशेषणांचं नातं सवतींचं आहे. स्थिर बसावं तर सुख उठून जातं, आणि सुखाने बसावं तर मान एका बाजूला कलून घोरणं सुरू होतं.

आधी जागा. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात त्याचे कर्ते स्वात्माराम साधकाच्या खोलीचं वर्णन करतात: दार लहान, भिंतीला भोक नाही, जमिनीला खड्डा नाही, फार उंच नाही, फार ठेंगणी नाही, शेणाने नीट सारवलेली आणि किडामुंगीचा मागमूस नाही. शिवाय चार हातांच्या परिसरात दगड, आग आणि पाणी नको. ज्ञानेश्वर ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात याहून दिलदार आहेत. जागा अशी हवी की विलासी माणसालाही राज्य सोडून इथेच निवांत बसावंसं वाटावं. तिथे हंस असावेत, दोन-चार सारस असावेत, अधूनमधून कोकीळ बसावा. मोर आलेच तर? 'आम्ही ना न म्हणों!' मोरांना ना न म्हणणारे ज्ञानेश्वर मला फार आवडतात. आपण राज्य सोडू शकत नाही, कारण ते नाहीच. तेव्हा खोलीचा एक कोपरा पुरे, पण रोज तोच. शरीर जागेला चटकन सोकावतं. ज्या खुर्चीत रोज पेंगतो तिच्यात बसलं की डोळे जड होतात ना, तोच गुण इथे उलटा वापरायचा. म्हणून अंथरुणावर बसून ध्यान करू नये. अंथरूण आपलं काम चोख जाणतं.

मग पोट. हठप्रदीपिकेचा मिताहार म्हणजे पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवणं. परंपरेने त्याची वाटणी अशी केली: दोन भाग अन्न, एक भाग पाणी आणि एक भाग वाऱ्याला मोकळा. हा चौथा भाग नेमका कुठे सुरू होतो, हे जेवताना कळत नाही. कळतं ते मांडी घातल्यावर, श्वास खाली उतरायला बघतो आणि तिथे आधीच कुणीतरी बसलेलं असतं तेव्हा. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. पण उपाशीपोटी बसण्याची फुशारकीही नको. पोट गुरगुरायला लागलं की नादानुसंधान, म्हणजे आतल्या नादावर मन लावणं, त्याचंच होतं. गीताही दोन्ही बाजूंनी कान धरते: फार खाणाऱ्याला योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही.

आता नाक. नाक चोंदलेलं असेल तर प्राणायामाच्या गप्पा व्यर्थ, म्हणून जलनेती, म्हणजे पाण्याने नाक धुणं. अर्धा लिटर उकळून कोमट केलेलं पाणी घ्यावं. उकळणं सोडू नये, कारण नाकात जाणारं पाणी पोटात जाणाऱ्या पाण्यासारखं जठराच्या आम्लातून गाळून निघत नाही. त्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचा चहाचा चमचा काठोकाठसुद्धा भरायचा नाही. एवढ्याने पाणी आपल्या अंगातल्या द्रवाइतकंच खारट होतं आणि नाकाला ते घरचं वाटतं. मीठ विसरलात, तर पोहताना नाकात पाणी गेल्यावर मेंदूपर्यंत जी कळ जाते ती सावकाश आणि स्वखुशीने अनुभवायला मिळते. ओणवं व्हायचं, डोकं एका बाजूला कलवायचं, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्यायचा. वरच्या नाकपुडीत नेतीपात्राची चोच टेकवली की पाणी खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. या अवस्थेत हसू नये, बोलू नये, आरशात तर मुळीच पाहू नये. नंतर वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच फुंकायचं. एक दाबून दुसरी जोरात शिंकरली तर पाणी कानाचा रस्ता धरतं. आणि घाईत आवरलंत, तर नाकाच्या कुठल्याशा गुहेत दडलेलं चमचाभर पाणी तासाभराने, कुणासमोर तरी वाकून सही करताना, त्या कागदावरच अवतरतं.

आता मुख्य प्रकरण: मांडी. चित्रातला योगी पद्मासनात असतो, म्हणून प्रत्येक नवशिका पाय उचलून मांडीवर ठेवायला जातो. पद्मासन हे पायांचं आसन नाहीच, खुब्यांचं आहे. मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत बाहेरच्या बाजूला पुरेसं वळलं तर पाऊल आपोआप वर येतं. ते वळलं नाही आणि आपण पाऊल हाताने ओढलं, तर तो पीळ खालच्या सांध्यात जातो. तो सांधा म्हणजे गुडघा, आणि गुडघा बिजागरीच्या स्वभावाचा आहे. पुढे-मागे म्हणाल तेवढं, पिळायचं नाव काढू नका. गुडघ्यात टोचलं की तिथल्या तिथे पाय सोडावा. मांडीत ताण आला तर चालेल, गुडघ्यात कळ चालणार नाही. एवढा एक नियम पाळला तर पुढची दहा वर्षं जिने चढता येतील.

तेव्हा साधी मांडी, म्हणजे सुखासन. नाहीतर स्वस्तिकासन किंवा जमल्यास सिद्धासन. ते हठप्रदीपिकेला सगळ्यांत लाडकं. आणि त्याखाली उशी. उशी घेणं हा कमीपणा वाटणाऱ्यांनी गीतेचा सहावा अध्याय काढावा. तिथे खाली कुश गवत, त्यावर मृगाजिन म्हणजे हरणाचं कातडं, त्यावर वस्त्र अशी तीन थरांची गादी आहे आणि ती फार उंच नको, फार सखल नको, हेही बजावलंय. किती उंच, याचा हिशेब गुडघ्यांना विचारावा. मांडी घातल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर राहत असतील तर कंबर मागे कलंडते, पाठीचं धनुष्य होतं आणि मग 'पाठ ताठ' म्हणताना ती स्नायूंच्या जोरावर ओढून धरावी लागते. पाच मिनिटांत पाठ दुखते ती याने. घट्ट घडीची चादर घालत घालत बूड दहा-पंधरा सेंटिमीटर वर न्यावं, गुडघे उतरून जमिनीला टेकेपर्यंत. तरी टेकत नसतील तर खाली टॉवेलची गुंडाळी सारावी, लोंबकळत ठेवू नयेत. दोन गुडघे आणि एक बैठक अशी तिवई झाली की कणा आपल्या आपण उभा राहतो. मऊ फुगीर उशी मात्र घेऊ नका. तिच्यात माणूस रुततो आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा होता तिथेच येतो.

बसायचं उशीच्या पुढच्या अर्ध्या भागावर. काठ मांडीखाली रुतला की मुंग्या आल्याच. मुंग्या येतात म्हणजे 'रक्त अडलं' असं सगळे सांगतात. बहुतेक वेळा अडलेला असतो मज्जातंतू. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाला खेटून पायाकडे उतरणारा एक तंतू आहे, तो दुसऱ्या पायाच्या घोट्यावर दाबला गेला की पावलाचा संपर्क तुटतो. दोन्ही पोटऱ्या एकावर एक न रचता एकीपुढे एक जमिनीवर ठेवल्या तर हा प्रकार निम्म्याने कमी होतो. मांडीच घालवत नसेल त्याने बिनधास्त खुर्ची घ्यावी. पावलं सपाट टेकलेली, पाठ मात्र खुर्चीच्या पाठीला न टेकलेली. पतंजलींनी खुर्चीला मनाई केल्याचं माझ्या वाचनात नाही.

बसण्याआधी दहा मिनिटं शरीर सैल करावं: मार्जारासनाच्या (रांगत्या पवित्र्यात पाठ वर-खाली) पाच-सहा फेऱ्या कण्यासाठी, बद्धकोनासन (तळपाय जुळवून गुडघे बाजूला) आणि जानुशीर्षासन (एक पाय लांब करून त्यावर वाकणं) खुब्यांसाठी, आणि पाठ सावरायला एखादं भुजंगासन (पालथं पडून छाती उचलणं). शेवटी दोन-तीन मिनिटं शवासन. तीनच. हे आसन इतकं सर्वांना जमतं की पुष्कळांची साधना तिथेच पूर्णत्वाला जाते.

प्राणायामाचं गणित सोपं आहे, हात अवघड आहे. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्यात दुमडायचं. अंगठा उजव्या नाकपुडीसाठी, अनामिका-करंगळी डावीसाठी. डावीने आत, उजवीने बाहेर, उजवीने आत, डावीने बाहेर, हे एक आवर्तन. अशी सहा ते दहा. आत चार मोजून घेतला तर बाहेर सहा, सवयीने आठ. श्वास कोंडायचा नाही, निदान पहिले काही महिने तरी. सगळी गंमत अशी की चौथ्या आवर्तनात आपण आत घेत होतो की बाहेर सोडत होतो हेच आठवत नाही, आणि दोन्ही नाकपुड्या बंद करून माणूस विचार करत बसतो. सूत्र एकच: श्वास घेतल्यावर बाजू बदलायची, सोडल्यावर नाही. बोट दाबायचं तेही हाडाखालच्या मऊ भागावर, हलकेच. काहीजण नाकाची चिमट काढून ते एका गालावर नेऊन ठेवतात.

एक नाकपुडी बंद असते तिचं काय? ती बहुधा सर्दीने नव्हे, आळीपाळीने बंद असते. नाकातली सूज काही तासांनी बाजू बदलत असते. उजवी उघडायची असेल तर डाव्या कुशीवर पाच-दहा मिनिटं पडावं. जुने योगी यासाठी काखेत योगदंड दाबून बसत. चित्रात साधूच्या काखेत जी छोटी कुबडी दिसते ती लंगडेपणाची नाही, नाकाची आहे! डोकं हलकं झालं किंवा बोटांत झिणझिण्या आल्या तर तो कुंडलिनीचा फोन समजू नये. श्वास जास्त वेगाने आणि जोराने चाललाय, एवढाच त्याचा अर्थ. थांबून साधा श्वास घ्यावा. वेगाची कपालभाती तर रक्तदाब, हर्निया किंवा गर्भारपण असेल तर नकोच.

एवढं झालं की डोळे मिटायचे. त्या क्षणी नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. ही खाज दिवसभर कुठे असते कोण जाणे. इंद्रियांना विषयांपासून मागे फिरवणं म्हणजे प्रत्याहार, आणि इंद्रियं या वेळी सभात्याग करणाऱ्या सभासदांसारखी वागतात. खाजवायचं नाही, खाजेकडे नीट बघायचं. ती वाढते, टोकाला जाते आणि बहुतेकदा मिनिटभरात ओसरते, मग कानामागे निघते. डास असेल तर मात्र तत्त्वज्ञान नको, मच्छरदाणी लावावी. लाळ हा दुसरा छळ. 'आता गिळायची नाही' असं ठरवलं की तोंडात तळं साचतं. जीभ वरच्या दातांमागे टाळूला टेकवून ठेवावी आणि लागेल तेव्हा सरळ गिळावी. दृष्टी नासाग्री, म्हणजे नाकाच्या शेंड्यावर, लावा म्हटल्यावर मिटल्या डोळ्यांनी तिरळं होऊ नये, कपाळ धरतं. श्वासाकडे लक्ष द्यायला लागल्यावर तो पाहुण्यांसमोर बसलेल्या पोरासारखा अवघडून जातो. त्याला आठ-दहा उच्छ्वास मोजायला द्यावेत, तो रुळतो.

मनाची तयारी म्हणाल तर पतंजलींनी एक नुस्खा दिलाय: सुखी माणसांशी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवंतांविषयी मुदिता, आणि दुष्टांची उपेक्षा. यातली करुणा सोपी आहे, आपण दुसऱ्याच्या दुःखात मनापासून सामील होतो. अडतं ते मुदितेत. दुसऱ्याचं चांगलं पाहून आनंद मानणं हे पद्मासनापेक्षा कठीण, आणि त्याला उशीही मिळत नाही. पण नुस्खा कामाचा आहे, कारण डोळे मिटल्यावर समोर परमेश्वर येत नाही, काल टोचून बोललेला माणूस येतो आणि त्याला तेव्हा न सुचलेली उत्तरं आता एकामागून एक सुचतात. बसण्याआधी दोन मिनिटं त्याला चारपैकी कुठल्या खणात टाकायचं ते ठरवून घ्यावं. उरलेल्या कामांसाठी शेजारी कागद-पेन ठेवावं. बिल भरायचंय, फोन करायचाय, सगळं आधी लिहून टाकावं. लिहिलेलं मन राखत बसत नाही. आणि गजर वीस मिनिटांचा लावून फोन पालथा, हात पोचणार नाही इतक्या लांब ठेवावा. नाहीतर 'किती झाली बघू' हा जप सुरू होतो, आणि बघितल्यावर चार झालेली असतात.

आता एवढ्या तयारीत तास गेला तर नमनाला घडाभर तेल होणारच. स्वात्मारामांना हे ठाऊक होतं. योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टींच्या त्यांच्या यादीत अतिखाणं, अतिश्रम, बडबड, लोकांत मिसळणं आणि चंचलपणा यांच्या जोडीला 'नियमाग्रह' आहे. म्हणजे हीच चादर हवी, हीच दिशा हवी, उदबत्ती संपलीय म्हणून आज नको. पंचवीस मिनिटांत सगळं आटोपत नसेल तर नेती वगळा, उशी वगळू नका.

शेवटी गजर होतो. लगेच उठायचं नाही. तळवे चोळायचे, डोळ्यांवर ठेवायचे, मग मांडी हाताने उचलून एकेक पाय लांब करायचा. बधिर पावलावर भार दिला की घोटा मुरगळतो, कारण जमीन कुठे आहे हे त्या पावलाला माहीतच नसतं. घोटा गोल फिरवत बसावं. आधी काहीच नाही, मग ऊन, मग एकदम हजार सुया. याच वेळी दाराची बेल वाजते. वाजू द्या. दुसऱ्यांदा वाजली तरी बसल्या जागेवरून 'आलो' एवढंच म्हणा, आणि अंगठा हलतोय का ते बघा.