गाठ कोरडीच आवळा म्हणे!

परवा भाच्याने मला मासे धरायच्या दोऱ्याच्या टोकाचा फोटो पाठवला. गळ नाही, मासा नाही, नुसतं टोक. सोबत सध्या फिरत असलेला तो व्हिडिओ आणि खाली एक ओळ: "मावशी, आता तुझ्या थुंकीची गरज नाही!" (गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करायची माझी सवय.) हाच व्हिडिओ त्याआधी आणखी तिघांनी मला पाठवला होता. तेव्हा मी गप्प बसले. आता घरातलंच पोर बळी पडलंय म्हटल्यावर गप्प बसवेना.

व्हिडिओ पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते. "आयुष्यभर पुरणारी एकच गाठ" असं त्याचं नाव. गाठ म्हणजे आपली नेहमीची सुधारित क्लिंच, गळ दोऱ्याला बांधायची, टोकाचे मूळ दोऱ्याभोवती वेढे घेऊन. तिला 12 वेढे घ्यायचे, कोरडीच ठेवायची, एका झटक्यात आवळायची, टोक मुळाशी कापून लायटर दाखवायचा आणि वर सुपरग्लूचा थेंब. की म्हणे दोऱ्याची 100 टक्के ताकद गाठीत.

फोटोतलं टोक मात्र वेगळंच सांगत होतं. ते कुरळ्या बटेसारखं वळलेलं होतं. गाठीशी दोरा तुटला तर टोक आखूड आणि बऱ्यापैकी सरळ राहतं. गाठ सुटली तर वेढ्यांचा पीळ टोकात तसाच उरतो. म्हणजे या महान गाठीवर तुटायची वेळच आली नाही, ती आधीच निसटली. निरगाठ म्हणून मारलेली सुरगाठ निघाली. आणि तो गळ आता कुठल्यातरी माशाच्या जबड्यात आहे, याचं मला जास्त वाईट वाटतं.

"गाठ ओली करू नका, पाण्याने दोरा कमजोर होतो."

सगळ्यात जास्त नुकसान व्हिडिओतल्या याच वाक्याने केलंय. यात अर्धं सत्य आहे, ते आधी देऊन टाकते. नायलॉन पाणी पितं आणि भिजलेला नायलॉनचा दोरा कोरड्यापेक्षा थोडा कमी ताण सोसतो. पण अहो, तो दोरा जाणार कुठे आहे? पाण्यातच ना? तिथे तो तासन् तास भिजणारच आहे. दोन सेकंद थुंकी लावल्याने त्यात काय भर पडते? विक्रमी माशांची नोंद ठेवणारी इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनसुद्धा दोऱ्याचा नमुना भिजवूनच तपासते. शिवाय विणीची लाईन, म्हणजे ब्रेडेड, पॉलिथिलीनच्या धाग्यांची असते. ती पाणी पीतच नाही.

थुंकी लावायची ती घर्षणासाठी. गाठ आवळताना वेढे एकमेकांवर आणि मूळ दोऱ्यावर घासत सरकतात. कोरड्यात, त्यातही झटक्याने, तिथे क्षणभर जी उष्णता होते ती प्लास्टिकला सोसत नाही. खोटं वाटत असेल तर चांगल्या उजेडात कोरडी गाठ मारून बघा. गाठीच्या जरा वरचा दोरा पांढुरका, खरखरीत झालेला दिसेल. नखाने चाचपलं तरी कळतं. फ्लुरोकार्बनमध्ये, म्हणजे नायलॉनसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या प्लास्टिकच्या दोऱ्यात, तर हा प्रकार हमखास. ओली गाठ हळूहळू ओढली की वेढे शिस्तीत एकाला एक लागून बसतात. कोरडी मध्येच अडते. आपल्याला वाटतं बसली, पण आत ढिलाई राहते, आणि मासा ओढायला लागला की मग ती बसायला लागते. बसता बसता सुटते.

भाच्याला मी एक चाचणी करायला लावली. दोऱ्याचा हातभर तुकडा घ्यायचा आणि दोन्ही टोकांना एकेक गळ बांधायचा, एक कोरड्या गाठीने, एक ओल्या. मग दोन्ही गळ एकेका पक्कडीने धरून सावकाश ओढायचं. जी गाठ आधी जाईल ती कच्ची. पहिल्याच खेपेला माझी ओली गाठ गेली! पोरगं खूश. उरलेली गाठ आणि तुटलेलं टोक बघितलं तर माझाच एक वेढा दुसऱ्यावर चढला होता. पाण्याने घाई माफ होत नाही. म्हणूनच ही चाचणी एकदा करून भागत नाही, दहा-बारा तुकडे तरी करा.

याच संदर्भात त्या व्हिडिओतला तो भयंकर प्रकार: "दोरा हाताला गुंडाळून जोरात झटका द्या, गाठ पक्की झाली का कळेल." कृपा करून असलं काही करू नका. ब्रेडेड लाईन कातडीत सुरीसारखी शिरते, आणि गाठ खरंच सुटली तर गळ कुठे उडेल याचा नेम नाही. दोरा जाड कापडावरून काठीला गुंडाळा, गळ पकडीत धरा, डोळ्यांवर चष्मा ठेवा, आणि झटका न देता एकसारखं ओढा.

"वेढे जितके जास्त, तितकी गाठ भक्कम."

फोटोतल्या कुरळ्या टोकामागे हेच आहे. एकेरी नायलॉनला, ज्याला कुणी तंगूस म्हणतं, क्लिंचमध्ये पाच ते सात वेढे पुरतात. दोरा जाड असेल तर त्याहून कमी घ्यावे लागतात, कारण जाड दोऱ्याचे 12 वेढे हाताने आवळून बसवणं जवळपास अशक्य. ते नुसते एकमेकांना टेकतात. ब्रेडेडला जास्त वेढे लागतात हे खरं, कारण ती बारीक आणि गुळगुळीत. व्हिडिओवाल्याने बहुधा तिथला नियम उचलून सरसकट सगळ्यांच्या गळ्यात घातला.

"ही गाठ 100 टक्के ताकद देते."

गाठ मारली की दोरा कुठे तुटतो, हे फक्त कोळ्यांनीच नाही तर शास्त्रज्ञांनीही बघून ठेवलंय. 2001 साली 'न्यू जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये पिओत्र पिएरान्स्की आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. त्यांनी वेगवेगळ्या गाठींची ताकद ताडून पाहिली आणि गाठ मारलेली स्पॅगेटी नेमकी कुठे तुटते ते वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. (सहकाऱ्यांतल्या झाक दुबोशे यांना 2017 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते गाठींसाठी नव्हे, पण मला उगीच आनंद झाला.) निष्कर्ष असा की तुटतं ते गाठीच्या तोंडाशी, जिथे सरळ दोरा पहिलं तीव्र वळण घेतो. ताण, वाकणं आणि घर्षण तिघं तिथे एकत्र येतात. गाठीमुळे ताकद निम्म्यावर येऊ शकते.

एवढं एक ध्यानात ठेवलं की पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात. ब्रेडेडला लीडर, म्हणजे गळाकडचा वेगळ्या दोऱ्याचा तुकडा, जोडायची एफजी नावाची गाठ इतकी चांगली का? कारण तिच्यात लीडर वाकतच नाही. सरळ लीडरवर ब्रेडचे वेढे आळीपाळीने चढतात आणि ताण आला की घट्ट आवळून धरतात. बिमिनी ट्विस्ट नावाची गाठ जवळपास पूर्ण ताकद राखते, हे मी मान्य करते. पण ती गळाला बांधायची गाठ नव्हे, तिने दुहेरी दोऱ्याचा फास तयार होतो. आणि पुष्कळ दोरे वेष्टनावर छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त ताणावर तुटतात. त्यामुळे "20 किलो लिहिलंय, गाठीने 20 धरले" असं कुणी दाखवलं तर तो खोटं बोलतोय असं नाही. फक्त कशाचे 100 टक्के, ते तो सांगत नाही.

"एकच गाठ सगळ्याला."

क्लिंच ब्रेडेडवर निसटते, त्यामुळे हा दावा तिथेच संपला. एकच शिकायची असेल तर मी पालोमर गाठ सांगेन. दोरा दुमडून गळाच्या नेढ्यातून काढा, त्या दुहेरी दोऱ्याची साधी गाठ मारा, आवळू नका, फास अख्ख्या गळावरून पलीकडे न्या, ओलं करा, मूळ दोरा आणि टोक दोन्ही धरून ओढा. दुहेरी दोऱ्याला मध्ये पीळ पडू देऊ नका, बहुतेकांची चूक तिथेच होते. पण नेढं बारीक असेल, किंवा तीन-तीन काट्यांचे गळ लटकलेलं मोठं खोटं आमिष असेल, तर फास त्यावरून नेताना नाकी नऊ येतात. तिथे युनी नावाची गाठ बांधा. म्हणजे झाल्या दोन.

लायटर: ब्रेडेडचं पॉलिथिलीन 150 अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं आणि ज्योत त्याच्या कैक पट तापलेली असते. टोक जाळताना शेजारचा मूळ दोरा शेकला की संपलं. एफजीचं टोक वितळवून काही जाणकार त्याचा असा गोळा करतात, पण त्यांचा हात बसलेला असतो. टोक एक-दोन मिलिमीटर ठेवून कापा, लायटर खिशात राहू द्या.

सुपरग्लू: पॉलिथिलीनला तो नीट चिकटतच नाही. पुढे.

काल भाच्याने पुन्हा फोटो पाठवला. पाच वेढे, ओली गाठ, आणि मासा पुन्हा गेलेला. पण या वेळी टोक आखूड आणि सरळ होतं. गाठ निसटली नाही, दोरा तुटला. रीलचा ड्रॅग, म्हणजे माशाने ओढलं की दोरा सोडणारा ब्रेक, किती घट्ट ठेवला होतास विचारलं, तर म्हणाला, "पूर्ण. गाठ पक्की होती ना!" दोऱ्याच्या ताकदीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर आण म्हणून कळवलंय.