लाल दिवा लागला म्हणजे ‘पाणी शिरलं’?

ठाण्यात पाऊस लागला की घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘एलओएसचा लाल दिवा म्हणजे फायबरमध्ये पाणी शिरलं. मोडेम दहा मिनिटं बंद ठेवा, सुकेल. सिग्नल गेला काय नि फ्रेम गेली काय, अर्थ एकच, केबल तुटली.’ माझं पोट फायबर लाइनच्याच धंद्यावर चालतं, म्हणून लिहितोय.

पाणी शिरायला फायबर पोकळ नसते, भरीव काच असते. आत वीज नाही, प्रकाश धावतो, त्यामुळे तांब्याच्या तारेसारखी शॉर्टही होत नाही. पावसात लाइन जाते ती झाड पडून, केबल ताणून किंवा रस्ता खोदताना. जॉइंटच्या डब्यात पाणी साचणं वाईटच, पण त्याचा त्रास सावकाश होतो.

आता ‘सुकेल’. एलओएस, म्हणजे ‘लॉस ऑफ सिग्नल’: समोरून येणारा प्रकाश पोचत नाही, किंवा फार क्षीण पोचतो. घरगुती फायबर जोडणीत, म्हणजे जीपॉनमध्ये, साधारण उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) खाली गेलात की संपलं. परवा शेजारच्या काकूंकडे प्रकाश मोजायचा मीटर लावला, उणे ३१! मोडेमला जोडलेली पिवळी फायबर वायर, म्हणजे पॅचकॉर्ड, चपलांच्या रॅकच्या पायाखाली दुमडली होती. सोडवून मोकळी केली, उणे २१. मोडेम हँग झालं असेल तर रीस्टार्टने काम होतं, नाही असं नाही. पण तेव्हा सहसा लाल दिवा नसतो.

तिसरा मुद्दा, ‘सिग्नल गेला काय नि फ्रेम गेली काय, अर्थ एकच’, मात्र खरोखर महागात पडतो. एलओएसमध्ये पुरेसा प्रकाशच नाही. एलओएफमध्ये (‘लॉस ऑफ फ्रेम’) प्रकाश येतोय, पण फ्रेम, म्हणजे डेटाचा ठरावीक गठ्ठा, कुठे सुरू होते ते रिसीव्हरला सापडत नाही. लोकल फलाटाला लागली, पण लेडीज डबा कुठून सुरू होतो तेच कळेना, तसं. एसडीएचमध्ये, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या मोठ्या लाइनवरच्या पद्धतीत, दर १२५ मायक्रोसेकंदाला एक फ्रेम येते आणि तिच्या सुरुवातीला ए१, ए२ हे ठरलेले बाइट असतात. ते सापडेनासे झाले आणि ३ मिलिसेकंद तशीच स्थिती राहिली की एलओएफ. कारणं वेगळी: प्रकाश कमी पडून वाढलेल्या चुका, रिसीव्हरला झेपणार नाही इतका जास्त प्रकाश, नाहीतर दोन टोकांच्या वेगात तफावत.

एका नाइट शिफ्टला एलओएफ दिसत असताना आम्ही ओटीडीआर (केबल कुठे तुटली ते शोधायचं यंत्र) देऊन दोन पोरांना भर पावसात रस्त्यावर पाठवलं. पहाटेपर्यंत केबल शाबूत निघाली. एका टोकाचं पोर्ट एसटीएम-४ या वेगावर होतं, दुसऱ्याचं त्याहून कमी, एसटीएम-१ वर.